समुद्र ओलांडणारा मुऱ्हाळी

“तापीना पूल डोया मिटीसन पार करस हाऊ मानूस, आनि आते समिंदर पार करी म्हने!”

खिडकीखाली ओट्यावर काकू शेजारणीला सांगत होती. सुपाचा आवाज थांबला आणि दोघी पोटभर हसल्या. मी वरच्या खोलीत बॅग भरत होते. चार्जर, उलटीच्या गोळ्या, दोघांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स. मला सगळं ऐकू जातं हे काकूला माहीत होतं. आमच्याकडे माझ्यासमोर लोक मोकळेपणाने बोलतात, कारण मी उत्तर देत नाही.

काकू खोटं बोलत नव्हती. तापीवरच्या प्रकाशा गावच्या पुलावर बस चढली की आप्पा टोपी पुढे ओढायचे, डोळे घट्ट मिटायचे आणि शेजारी जो कोणी असेल त्याचं मनगट धरायचे. ओळखीचा असो, नसो. म्हणायचे, “काठ ऊना म्हंजे सांगजो.” काठ आला म्हणून सांगितल्याशिवाय ते डोळे उघडत नसत. एकदा शेजारी एक महिला पोलीस होती. तिने पूल संपेपर्यंत हात तसाच ठेवला आणि मग म्हणाली, “आजोबा, सुटलात.” त्यावर आप्पांनी तिला पिशवीतली दोन केळी दिली. केळी आमच्याच, नदीपलीकडच्या शेतातली होती, आणि ती आमच्याच घरी द्यायला निघाली होती.

याच माणसाने एकतीस वर्षं गावाला पाणी पाजलं. आप्पा ग्रामपंचायतीचे पंप ऑपरेटर होते. पहाटे पंप सुरू करायचे, टाकीचं पाणी तळहातावर घेऊन चाखायचे, मग गल्लीगल्लीने व्हॉल्व्ह सोडत जायचे. एवढं पाणी रोज हाताळता, मग नदीची कसली भीती, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. “टाकीमा शे ते मन्हं पानी. नदीमा शे ते कोनंच नही.”

ते माझे नात्याने कुणीच नव्हते. गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटे राहायचे. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली असं आई सांगते. आप्पांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पांढरा सदरा, पायजमा, खिशात व्हॉल्व्हच्या चाव्यांचा जुडगा. झोपायचे भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. आडवं झालं की टाकी भरल्याचा आवाज ऐकू येत नाही, असं कारण सांगायचे. निवृत्त झाल्यावरही तसेच झोपायचे.

पण गावाने त्यांना लक्षात ठेवलं ते पाण्यासाठी नाही. आप्पा गावाचे मुऱ्हाळी होते.

तापीकाठच्या आमच्या गावांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीपेक्षा मोठी. लग्न झालेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात, दारोदारी झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस सासरी जावा लागतो. तो मुऱ्हाळी. भाऊ असेल तर भाऊ जातो. ज्या घरी भाऊ नाही, किंवा भाऊ सुरतला कामाला आणि सुट्टी नाही, त्या घरची लेक आप्पा आणायचे. दोंडाईचा, शिरपूर, नवापूर, विसरवाडीच्या फाट्यावरून आतली गावं, उधना, पार पुण्यापर्यंत. चैत्र लागला की त्यांचा सदरा धुतलेला आणि इस्त्रीचा दिसायला लागायचा.

त्यांना सांगायची रीतही त्यांचीच होती. पंपहाऊसच्या खिडकीच्या कडेवर चिमूटभर तांदूळ टाकायचे आणि त्यावर एक सुपारी ठेवायची. मग केव्हातरी व्हॉल्व्हपाशी भेटून लेकीचं गाव सांगायचं. कुणी ठेवली हे आप्पा विचारत नसत. कधी बापाला न सांगता आई ठेवायची, कधी सुनेला न सांगता सासू, स्वतःच्या लेकीसाठी. “पानी कोना घरमा किती भरं, मी विचारस का? मंग सुपारी कोनी ठेवी, ते कसाले विचारू?”

मुऱ्हाळी म्हणून त्यांचे नियम होते. लेकीची बॅग उंबऱ्याबाहेर येईपर्यंत तिच्या सासरी खाटेवर बसायचं नाही. पाणी प्यायचं ते अर्धाच पेला. स्वयंपाकघराकडे बघायचं नाही. ‘पाठवता का’ असं विचारायचं नाही, ‘घ्यायला आलो’ म्हणायचं. आणि आधी फोन करायचा नाही. “फोनवर नही म्हनाले काय लागस? दारमा उभा मानूसले नही म्हनी दखाडा!” लेकीकडे बघताना ते आधी तिचे पाय बघायचे. तिचं कसं चाललंय हे त्यांना टाचांवरून कळे. “तोंड कोठेबी हासस, पोरी. टाचा हासतस नही.”

परत येताना खिडकीची जागा लेकीची. माझी एक चुलत बहीण सांगते, आप्पा रस्ताभर गावच्या गमती सांगून हसवायचे. मग प्रकाशाचा पूल यायचा. वर्षभराचं काय ते मुली पुलावर रडून घ्यायच्या. गावात शिरताना डोळे कोरडे लागतात ना. आप्पांचे डोळे मिटलेले असायचे. काठ आल्याचं मुलगीच सांगायची, डोळे पुसून झाल्यावर. कधीकधी बस पूल उतरून मैलभर पुढे गेलेली असायची, तरी आप्पा डोळे मिटून बसलेले असायचे.

मला ते ‘इंग्रजी’ म्हणायचे. मी शहाद्याच्या इंग्लिश मीडियमला जायचे. पिवळी बस गल्लीच्या तोंडाशी थांबायची, तिथेच आमच्या भागाचा व्हॉल्व्ह होता. “ए इंग्रजी, आज काय बोलनी?” मी हसायचे. “कालदिन एक शब्द बोलनी व्हती. आज तोबी नही. शाळावाला फी कसानी लेतस मंग?” दहावीपर्यंत रोज हेच. शाळेत मला मराठीतून बोलायला बंदी आणि इंग्रजीतून बोलायला लाज. घरी सगळे अहिराणी बोलायचे, आणि ती माझ्या तोंडात कधी बसलीच नाही. तीन भाषांच्या मध्ये मी गप्प राहायला शिकले. तिथे मला बरं वाटायचं.

आता पंपहाऊसमध्ये मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवलाय. ऑपरेटर लागत नाही. आप्पा जाऊन दोन वर्षं होतील. त्यांच्या तेराव्याला गावाच्या लेकी आल्या, कुणीही आणायला न जाता, आपापल्या गाड्यांनी, बसने. ओटे पुरले नाहीत. अजूनही चैत्रात त्या खिडकीच्या कडेवर कुणीतरी तांदूळ आणि सुपारी ठेवून जातं. कोण ते माहीत नाही. मुंग्या तांदूळ नेतात, सुपारी पडून राहते.

आप्पा होते तेव्हा आमच्या घरची सुपारी मी ठेवली होती.

आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नाशिकला नर्सिंग शिकायला गेली आणि तिथेच तिने लग्न ठरवलं, अंदमानच्या एका मुलाशी. बाबांनी नकाशाही बघितला नाही. ताई कोर्टात लग्न करून शेवटचं घरी आली ती कपडे न्यायला. तिने खालून मला हाक मारली, “बॅग जड आहे गं, स्टँडपर्यंत येतेस?” मी वरच्या खोलीत होते. बाबा ओट्यावर बसले होते. मी खाली उतरले नाही. पायऱ्यांवरून बॅगेच्या चाकांचा आवाज आला, मग गल्लीतून, मग बंद झाला.

त्यानंतर चार आखाज्या गेल्या. आईने झोका बांधला नाही. ताईचं आणि माझं बोलणं म्हणजे वाढदिवसाला इंग्रजीतला दोन ओळींचा मेसेज. एकदा तिने पार्सल पाठवलं. बाबांनी ते न उघडता परत करायला सांगितलं. परत करण्याआधी मी त्यावरचा पत्ता उतरून घेतला.

तो पत्ता लिहिलेला कागद सुपारीखाली ठेवून मी पंपहाऊसपासून जवळजवळ पळत घरी आले.

चार दिवसांनी आप्पा संध्याकाळी आमच्या ओट्यावर आले. रुमालाची गाठ सोडून सुपारी दाखवली. “तुमना घरनी सुपारी ऊनी शे. बेटवर जानं पडी.” बाबांनी आईकडे बघितलं, आईने बाबांकडे. नंतर पोळ्या लाटताना आई स्वतःशीच म्हणाली, “शेवट बापनंच काळीज.” आणि बाबा गोठ्यात काकांना म्हणाले, “मायनं मन शे. मी कसाले आडवू?” मी दोन्ही ऐकलं. कुणालाही खोटं सांगितलं नाही. खरंही सांगितलं नाही. हे मला चांगलं जमतं.

“इंग्रजीले मन्हासंगे द्या,” आप्पा म्हणाले, “इमानवर माले काय समजी?” त्यावरही कुणी नाही म्हटलं नाही.

नंदुरबारहून थेट चेन्नईला जाणारी गाडी आहे. आप्पा खिडकीपासून लांब बसले, मांडीवर तीन डांगरं घेऊन. डांगर म्हणजे खरबूज. आखाजीच्या घागरीवर तेच ठेवतात. तापीच्या वाळूतली होती, प्रकाशाला स्वतः जाऊन, हुंगून निवडलेली. वाटेत जेवढे पूल आले तेवढ्या वेळा त्यांनी माझं मनगट धरलं. गोदावरीला बराच वेळ लागला. कृष्णेला त्याहून जास्त. मी फोनवर नकाशा उघडून काठ सांगत होते. डब्यातल्या एका तेलुगू आजीला वाटलं आप्पांना दिसत नाही. तिने मला खुणेने सांगितलं, फार चांगली नात आहेस.

चेन्नईच्या विमानतळावर तपासणीला उभ्या असलेल्या जवानाने पिशवीत हात घातला. “ये क्या है?”

“डांगर. हुंगी दखा.”

त्याने खरंच हुंगलं. मग मागच्या जवानालाही हुंगायला दिलं. विमानात आप्पांनी विचारलं, “खाल पानी शे का?” मी खिडकीतून बघितलं. “ढग आहेत.” “ढग चालतीन,” म्हणाले आणि बसल्या बसल्या झोपले.

ताईचं बेट पोर्ट ब्लेअरहून आणखी दक्षिणेला. तिथे जहाज जातं, पण तिकिटं आखाजीनंतरची मिळत होती. लॉजच्या मॅनेजरचा मेहुणा त्याच बेटावरचा. त्याची स्वतःची मोटरबोट होती, लाकडी, डिझेल इंजिनाची, पुढे माणूसभर केबिन. कामाच्या सामानासाठी तो पोर्ट ब्लेअरला आला होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघणार होता. बहिणीकडे चाललेत म्हटल्यावर तो न्यायला तयार झाला. फक्त त्याने आप्पांना नीट बघून घेतलं.

“चाचा, पूरा खुला समंदर है. छह-सात घंटा. बीच में कुछ नहीं.”

“कुछ नहीं मतलब? खांब बी नहीं?”

“किसका खंबा?”

“पूल का.”

तो इतका हसला की त्याला जेट्टीचा कठडा धरावा लागला. आप्पा हसले नाहीत. ते बोटीकडे बघत होते. मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा घाबरलेला बघितला आणि मला वाटलं, आता सांगून टाकावं. सांगावं की आप्पा, राहू दे, ही सुपारी बापाची नाही, आईची नाही, परत जाऊ. तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांनी नारिंगी लाइफ जॅकेट गळ्यात घातलं. “हाई काय, पोयाना बैल करी टाका माले,” म्हणाले आणि डांगरांची पिशवी छातीशी धरून बोटीत उतरले.

सामानात कांद्याच्या गोण्या होत्या, कोंबडीच्या पिलांच्या दोन टोपल्या, आणि पुठ्ठ्यातलं एक नवं वॉशिंग मशीन. आप्पा मशीनला पाठ लावून बसले. बंदरातून बोट बाहेर पडताच त्यांनी डोळे मिटले. मनगट धरलं. “काठ ऊना म्हंजे सांगजो.”

मी घड्याळ बघितलं. साडेपाच वाजले होते.

मागची जमीन हळूहळू निळी झाली, मग धुरासारखी, मग नव्हतीच. आप्पांची बोटं घामाने ओली झाली होती. अर्ध्या तासाने म्हणाले, “काय दिसस?”

“पाणी.”

“आनखी?”

“पाणीच.”

“इतली महाग शाळा, आनि इतलंच शिकाडं का? पानी कसं शे ते सांग ना.”

मग मी सांगायला लागले. जवळचं पाणी नीळ घातलेल्या बादलीसारखं आहे, लांबचं काळं आहे. लाटा फुटत नाहीत. सगळं पाणीच वर येतं आणि खाली जातं, झोपलेल्या माणसाचं पोट हलतं तसं. “बरं,” आप्पा म्हणाले, “मंग झोपेल शे. जागं नको करू. हळू सांग.” पाण्यातून चिमणीएवढे मासे निघाले आणि टोळांसारखे उडत जाऊन पुन्हा पाण्यात पडले. आप्पांचा विश्वास बसला नाही. त्यांनी बोटमालकाला विचारलं. तो म्हणाला, “आँख खोलो ना चाचा, खुद देख लो.”

“लडकी देखती है ना. दोनो जने काय को देखने का?”

तासाभराने मासे संपले, रंग संपले, आणि आप्पा थांबू देईनात. मी गप्प झाले की त्यांची पकड घट्ट व्हायची. मग मी इतर गोष्टी सांगायला लागले. शाळेच्या बसमध्ये माझी जागा ड्रायव्हरच्या मागे होती ते. मराठीतला एक शब्द तोंडातून गेला म्हणून दिवसभर गळ्यात पाटी घालून फिरावं लागलं होतं ते. मागच्या महिन्यात नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीत सगळं येत असून मी कॅमेरा बंद करून टाकला ते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. समोर मिटलेले डोळे, चारी बाजूंनी क्षितिज, आणि इंजिनाचा आवाज इतका की स्वतःचं बोलणं आपल्यालाच अर्धं ऐकू येतं. मला वाटत नाही मी आयुष्यात सलग एवढं बोलले असेन.

मग इंजिनाचा सूर बदलला. दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पिलांची चिवचिव एकदम मोठी झाली. बोट आडवी होऊन डोलायला लागली. मालक फळी उचलून खाली वाकला, पाना शोधायला लागला. आप्पा डोळे न उघडता म्हणाले, “हवा धरी. फिल्टर के उपर का नट ढिला करो. फेस निकलेगा, निकलने दो. फिर हात से पंप मारो.”

मालकाने वळून त्यांच्याकडे बघितलं. मग तसंच केलं. डिझेलचा वास आला. हाताने पंप मारल्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

“एक गोट सांगू?” आप्पा मला म्हणाले. आवाज गल्लीत बोलतात तेवढाच. “सुपारीखाल कागद व्हता. तेवर पत्ता इंग्रजीमा व्हता. माले कोठे वाचता येस? पोस्टमनकडथून वाची लिधा. तुमना घरमा इंग्रजी लिखनारं कोन शे?”

मी बोटीच्या फळीकडे बघत राहिले. घाईत मला सुचलंच नव्हतं. पत्ता म्हटलं की माझा हात इंग्रजीतच लिहितो.

“घरी सांगितलंत?”

“कसाले? मी मुऱ्हाळी शे, दवंडीवाला नही.”

“मग आता मला का विचारता?”

“विचारी नही ऱ्हायनू. माले ठाऊक शे, इतलंच सांगी ऱ्हायनू. तू एकलीच कितलं वाहशी?”

तेव्हा मी रडले. बॅगेच्या चाकांचं सांगितलं, जिना सांगितला, खाली न उतरल्याचं सांगितलं. सांगताना मध्ये मराठी, मध्ये इंग्रजी, मध्ये मोडकी अहिराणीसुद्धा आली. इंजिन पुन्हा सुरू झालं तरी मी बोलत होते. मालक पुढे तोंड करून उभा होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण त्याने मागे वळून बघितलं नाही.

बाराच्या सुमाराला समोर एक करडी रेघ उमटली. मी चेहरा पुसला, थोडा वेळ जाऊ दिला, मग सांगितलं, “काठ आला.”

“पक्का?”

“पक्का.”

आप्पांनी डोळे उघडले. उन्हाने ते पुन्हा बारीक झाले. किनाऱ्यावर डोंगराच्या पायथ्यापर्यंत माडच माड. बराच वेळ बघून म्हणाले, “इतला नारय! पाडस कोन?”

आरोग्य केंद्राच्या मागे चार क्वार्टर्स होती. तिसऱ्या दारासमोर ताई दोरीवर चादरी वाळत घालत होती. अंगावर नर्सचा पांढरा कोट, पायात रबरी चपला. आधी तिने आप्पांना बघितलं. हातातली चादर तशीच राहिली. मग माझ्याकडे बघितलं, आणि चेहऱ्यावर काय येऊ द्यायचं हे तिला ठरवता येईना. आप्पांची नजर तिच्या टाचांवर गेली आणि मान हलली. “बरं शे,” ते पुटपुटले.

भावजी धावत आले, दोन खुर्च्या मांडल्या, पाणी आणलं. आप्पा अर्धाच पेला प्याले. बसले नाहीत. टोपी सारखी केली, डांगरांची पिशवी उंबऱ्याशी ठेवली.

“आखाजी ऊनी, माय. लेवाले ऊनू तुले.”

ताई पिशवीकडे बघत राहिली. खाली वाकून तिने एक डांगर हातात घेतलं, नाकाशी नेलं. डोळे भरले, पण तिने ते सांडू दिले नाहीत. आमच्या घरातल्या सगळ्यांना हे येतं.

“बाबांनी पाठवलं?”

त्या प्रश्नात चार वर्षं होती. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते.

“आप्पा, खरं सांगा,” ताई म्हणाली, “बाबांनी बोलावलं असेल तर आत्ता बॅग भरते. नसेल, तर तुमचे पाय धुते, जेवू घालते, पण येणार नाही. त्या ओट्यावर सगळ्यांसमोर मी एकटी उभी राहणार नाही. एकदा राहिले, तेवढं बस झालं.”

मुऱ्हाळी म्हणून आप्पा कधी खोटं बोलले नव्हते, आणि खरं त्यांचं नव्हतं. शेवटी ते खुर्चीकडे गेले. त्यांचा नियम मोडून, ताईची बॅग बाहेर आली नसताना, हात टेकवत खाली बसले. एकदम म्हातारे दिसले.

“मी थकनू, माय. सात घंटा पानी पार करं मी. आते तिले विचार. घरनं मानूस मी नही, ती शे.”

ताई माझ्याकडे वळली. भावजीही. चादर वाऱ्याने माझ्या खांद्यावर आली, मी ती बाजूला केली. बोलले, पण ते मलाच ऐकू आलं नाही. आत कुकरची शिट्टी झाली.

“काय? ऐकू नाही आलं गं.”

मी तिच्या हातातलं डांगर काढून घेतलं, कारण मला काहीतरी धरायला हवं होतं, आणि तिच्याकडे बघून म्हणाले, “बाबांनी नाही बोलावलं, ताई. आईनेही नाही. मी बोलावलंय. त्या दोघांना अजून वाटतंय दुसऱ्यानेच बोलावलं, त्यांना मीच जाऊन सांगणार आहे, आणि ओट्यावर तुझ्या बाजूला उभी राहून सांगणार आहे. बॅग कुठंय तुझी? दे, मी धरते.”